माझ्या वेबसाईटचा मालक

वाशीमला बचत गटाच्या बायकांचं प्रशिक्षण होतं. घरी बसून वेबसाईट कशी चालवायची ते सांगायला मला बोलावलं होतं. स्टेजवर माझ्यासाठी खुर्ची ठेवलेली, मी इस्त्रीची साडी नेसून गेलेली, आणि मोठ्या पडद्यावर माझी घरघंटीची वेबसाईट उघडून दाखवत होते. सगळं छान चाललं होतं. मग मी पान खाली सरकवलं. वेबसाईट ज्या प्लॅटफॉर्मवर आहे, त्यात पानाच्या अगदी तळाला मालकाचं नाव आपोआप येतं. तिथे माझ्या मोठ्या भावाचं नाव आलं, ठळक अक्षरांत. पहिल्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "अवं, म्हंजे हे तुह्या भावाचं हाये व्हय? मोठा हुशार दिसते बाप्पा भाऊ!"

सगळ्या बायका हसल्या, कौतुकानं. मीही हसले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, पण हातात माईक असताना करणार काय? उरलेलं कसंबसं उरकलं, चहासुद्धा घेतला नाही, एसटी धरली आणि सासरी मेडशीला येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून दादाला मनातल्या मनात शिव्या घालत बसले.

भाऊ म्हणे हुशार! त्या हुशार माणसाला विचारा, कोणत्या घरघंटीत ज्वारी बारीक निघते आणि कोणत्या घरघंटीत डाळ टाकली की पीठ घरभर उडतं. त्याला आपल्या घरातल्या घरघंटीचं बटण कुठे आहे ते माहीत नाही. मी गल्लीतल्या बायकांच्या घरोघरी जाऊन, त्यांच्या घरघंट्यांत दळून बघून, एकेकीला खोदून विचारून ते सगळं लिहिलेलं होतं. दुसरी वेबसाईट शिलाई मशीनची. तिसरी फवारणीच्या पंपांची. त्यासाठी मी वेगवेगळे पंप पाण्यानं भरून स्वतःच्या पाठीवर घेतले, सोयाबीनमधून हिंडले, कोणता पट्टा खांद्यात रुततो ते लिहिलं. कारंज्याकडच्या धनजवरून एका बाईनं मला मेसेज केला होता, की ताई, तुमचं वाचून पंप घेतला, आता मीच फवारते, माणूस लावत नाही. तो मेसेज मी किती दिवस जपून ठेवला होता.

कामाची रीत साधी आहे. आपण वस्तू वापरून बघायची, चांगलं-वाईट मराठीत लिहायचं, खाली दुकानाची लिंक द्यायची. त्या लिंकमध्ये आपला कोड असतो; ती दाबून कोणी वस्तू घेतली तर दुकान त्या कोडवर कमिशन देतं. याला ॲफिलिएट म्हणतात. वेबसाईट राहते एका कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर. घर त्यांचं, संसार आपला. फक्त तो संसार कोणाच्या खात्यात आहे ते तेवढं महत्त्वाचं, आणि माझा संसार होता दादाच्या खात्यात.

कसा? तर मी सुरुवात केली तेव्हा माहेरी होते, केनवडला. आमच्या घरी मीटर दादाच्या नावानं, गॅस दादाच्या नावानं, आईचं सिमकार्ड दादाच्या नावानं, माझंसुद्धा. काही उघडायचं असलं की घरात सगळे दादाकडे बघत. खातं उघडताना मोबाईल नंबर आणि नाव लागलं, दादा म्हणाला, "टाक माहं." टाकलं. दुकानांच्या लिंकचा कोडही त्याच्याच नावानं काढला. खटकलंसुद्धा नाही, कारण घरात दुसरी रीतच नव्हती. लग्न होऊन मेडशीला आले, कॉम्प्युटर सोबत आणला, काम चालू राहिलं. रोजचं लिहायला काही अडचण नव्हती. मोठं काही करायचं म्हटलं की ओटीपी दादाच्या मोबाईलवर जायचा. मग मी फोन करायचा, आणि दादा म्हणायचा, "गाडीवर हावो, मंग सांगतो." मंग म्हणजे कधी, ते देवालाही ठाऊक नाही.

तर त्या प्रशिक्षणावरून आले, पर्स टाकली आणि आधी माझं स्वतःचं खातं उघडलं. माझं नाव, माझा नंबर, माझा ईमेल. आता दादानं एवढंच करायचं होतं: आपल्या खात्यातून 'मालकी ट्रान्सफर' दाबायचं, माझा ईमेल टाकायचा, मोबाईलवर आलेला ओटीपी टाकायचा. मला मेल येणार, मी 'स्वीकारा' दाबलं की झालं. हा अधिकार फक्त मालकाला असतो. आणि एकदा गेली की जुन्या मालकाच्या हातात काही राहत नाही. परत हवी असेल तर नव्या मालकाच्या पाया पडायचं.

मी ईमेल दादाला व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. बस्स, एवढंच आलं.

फोन केला की म्हणायचा, "करतो ना वं. पयून चालल्या काय तुह्या वेबसाईटा?" कधी टॉवर नव्हता, कधी सोयाबीन काढायला मशीन आली होती, कधी कोणाच्या लग्नाला गेला होता. आणि शेवटी हमखास एक वाक्य, "आपलंच तं हाये. तुहं-माहं काय करतं?"

या वाक्यानं माझं टाळकं सरकतं. तुहं-माहं करू नको असं जो म्हणतो ना, नाव त्याचंच लागलेलं असतं, हे मी तुम्हाला लिहून देते. ज्याचं नाव कुठेच नाही, तो असं म्हणत नाही.

असं चाललेलं असताना एक दिवस दादाचा स्वतःहून फोन आला. मला वाटलं, झालं काम. कसलं काय! बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं, त्यांच्या शेतीचं, वावराचं कागदपत्र करायचं होतं. म्हणाला, "येत्या शुक्रवारी रिसोडले येजो, रजिस्ट्री ऑफिसात. हक्कसोड करून टाकू. तुही अन् आईची, दोघींची सही लागते. तुह्यासाठी साडी घेऊन ठेवली."

आमच्याकडे हे असंच चालतं. बाप गेला की बहिणी रजिस्ट्री ऑफिसात जातात, वावरातला आपला हिस्सा भावाला सोडून दिल्याची सही करतात, भाऊ साडीचोळी करतो, बाहेर सगळे मिळून नाश्ता करतात आणि आपापल्या घरी जातात. माझ्या आत्यांनी केली, आईनं तिच्या माहेरी केली. सही कर असं कोणी सांगत नाही आणि का करायची असं कोणी विचारत नाही. मीसुद्धा करणार होते. खरंच करणार होते, त्यात मला काही वाटत नव्हतं. मी फक्त म्हटलं, "येतो. पण त्याच्या आधी माह्या वेबसाईट माह्या खात्यात टाक."

दादा म्हणाला, "म्हंजे सौदा करून राह्यली तू? सख्ख्या भावासंग?"

आईनं त्याच्या हातून फोन घेतला. "बापाले जाऊन वर्स नाई झालं, अन् तू त्या काम्पुटरपायी भावाले आडवते? लोक काय म्हनतीन वं माय?"

मी फोन ठेवला आणि भांडी घासायला बसले. त्या दिवशी घासली तशी भांडी मी कधी घासली नसतील. अख्खं वावर भावाला देऊन टाकणं म्हणजे माया, आणि माझ्याच हातच्या तीन वेबसाईट मागणं म्हणजे सौदा! वा रे वा! आणि हा दादा कोण? जो दरवर्षी जयंतीला विहारात उभा राहून बायकांच्या हक्कावर भाषण करतो. कायद्यानं बाईला काय काय दिलं ते बोटं मोजून सांगतो. त्याच्या हातून माईक ओढून घ्यावा लागतो, तेव्हा कुठे जेवणाच्या पंगती बसतात. मी स्वतः खाली बसून टाळ्या वाजवल्यात.

पण सौदा शब्दाचा परिणाम झाला बहुतेक. दोन दिवसांनी दादाचा मेसेज आला, "धाडल्या." मला इतका आनंद झाला की गॅसवरचं दूध तसंच सोडून कॉम्प्युटर लावला. जुन्या खात्यात पाहिलं, लिहून आलं की या खात्यात एकही वेबसाईट नाही. बरोबर, गेल्या होत्या. माझं खातं उघडलं. या खात्यात एकही वेबसाईट नाही.

मेल पाहिले, स्पॅम पाहिलं, पुन्हा खातं उघडलं. काहीच नव्हतं. मग डोक्यात आलं, विकल्या यानं. लोक चालत्या वेबसाईट विकत घेतात, मला माहीत होतं. फोन लावला आणि त्यानं हॅलो म्हणायच्या आधीच सुरू झाले, "इकल्या काय रे माह्या वेबसाईटा? कोणाले इकल्या?"

"अवं, कायले बोंबलून राह्यली? धाडल्या ना आत्ताच."

"कोणाले धाडल्या?"

"कोणाले म्हंजे? जवायाले! त्यायचा ईमेल होता माह्याजोळ, टाकला. त्यायनं बी लगेच दाबलं. तुह्याच घरी तं गेलं ना सारं?"

दादा खोटं बोलत नव्हता. फसवतही नव्हता. त्याच्या हिशेबानं त्यानं चोख काम केलं होतं. बहिणीच्या घरी तुरीचं पोतं पाठवायचं असलं तर जवायाला फोन करायचा, लग्नात गाडी द्यायची तर किल्ली जवायाच्या हातात ठेवायची. तसंच हे. मी त्याला म्हटलं, "मी तुले माहा ईमेल धाडला होता ना?" तर तो खरोखर बुचकळ्यात पडून म्हणाला, "अवं पण तुले देनं अन् जवायाले देनं, हे येगयेगळं कधी झालं?"

एखाद्यानं लबाडी केली तर भांडता तरी येतं. याच्याशी काय भांडू? मी एवढंच म्हटलं की तुझं डोकं फिरलंय, आणि फोन ठेवला. दूध केव्हाच उतू गेलं होतं.

दुपारी नवरा आला. एसटीत कंडक्टर आहे, ड्यूटी संपवून येताना हातात गरम जिलेबीचा पुडा. चेहरा असा फुललेला, की विचारू नका. "झालं ना वं तुहं काम एकदाचं! तुह्या दादाचा फोन आला, जवाईबापू, लिंक धाडली, दाबा. मी तिकिटाची मशीन काखेत मारली अन् चालत्या गाडीतच दाबली."

"अन् कोणाच्या नावानं झालं ते?"

"माह्या. खातं नोयतं तं तिथंच नवीन काढलं."

"माहं खातं हाये ना! मी बसून राह्यली ना इथं वाट पाहत!"

"अवं, पण एकच ना? घरातच तं हाये."

तोच सूर, तेच शब्द, फक्त तोंड दुसरं. मी म्हटलं, "असं म्हनता? मंग तुमची नोकरी माह्या नावानं करून द्या. तो बिल्ला काढा अन् माह्या छातीले लावा. पगार घरातच तं राहीन!"

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते. मग माझा चेहरा बघून हसू आवरलं आणि म्हणाला, "करतो ना, तापते कायले येवढी? सुट्टीच्या दिवशी करू."

सुट्टीच्या दिवशी तो पासवर्ड विसरला. चालत्या गाडीत टाकलेला पासवर्ड, तो काय लक्षात राहणार! आठवला की करतो म्हणाला. आठवायचा प्रयत्न करताना मात्र तो मला कधी दिसला नाही. उलट त्याच्या डेपोतला एकजण घरी आला, तर यानं मोबाईलवर फवारणी पंपाचं पान उघडून त्याला तळ दाखवला. "हे पाय, माहं नाव." मी आतून पाहत होते. दादाचं नाव पुसलं गेलं होतं आणि नवऱ्याचं लागलं होतं. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे माझं सगळं काम गेलं, आणि मधे माझं नाव त्यावर एक मिनिटसुद्धा लागलं नाही. चहाचे कप मी इतक्या जोरात ठेवले की पाहुणा अर्ध्यातच उठला.

शुक्रवार आला. नवऱ्यानं रजा टाकली, आम्ही रिसोडला गेलो. वाटेत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. तरी सांगते, मी सही करायलाच चालले होते. संताप होता, पण सही न करण्याचा विचार डोक्यात कुठेही नव्हता. आपल्याकडे संतापलेल्या बायकासुद्धा सही करतात.

ऑफिसच्या व्हरांड्यात दादा आणि आई उभे होते. साडीची पिशवी आईच्या हातात. कागद तयार होते, साक्षीदार तयार होते. आत बोलावलं. टेबलामागच्या साहेबांनी मान वर न करताच विचारलं, रोज विचारत असतील तसंच, "बाई, कागद वाचला? कोणाचा दबाव नाही ना? तुमच्या मर्जीनं करताय ना?"

मी म्हटलं, "नाही."

साहेबांनी मान वर केली. "काय नाही?"

"मर्जीनं नाही करत."

हे मी ठरवून बोलले नाही. मला कोणी विचारलं, तू हे तुझ्या मर्जीनं करतेस का, आणि त्याचं खरं उत्तर तोंडातून बाहेर पडलं, एवढंच झालं. हा प्रश्न घरात कोणी एकदा जरी विचारला असता तर तो पहिल्यांदा रजिस्ट्री ऑफिसात ऐकायची वेळ माझ्यावर आली नसती. साहेबांनी कागद बाजूला सरकवले. "मग बाहेर बसा. आधी घरच्या घरी ठरवा."

बाहेर दादानं आवाज चढवला. चार लोकांत नाक कापलं, साक्षीदार काय म्हणतील, बापाच्या आत्म्याला काय वाटेल, सगळं झालं. आई पदर तोंडाला लावून रडत होती. मी भिंतीला टेकून उभी. दादा नवऱ्याकडे वळला, "जवाईबापू, तुमी तरी समजवा हिले!"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तो पायरीवर बसला आणि त्यानं मोबाईल काढला. इतके दिवस न आठवलेल्या पासवर्डचं काम तिथे बसल्या बसल्या झालं. 'पासवर्ड विसरलो' दाबलं, नवा टाकला, ओटीपी टाकला, मला ईमेल विचारला. "धाडलं, पाय." मी मेल उघडला, 'स्वीकारा' दाबलं. घरघंटीचं पान उघडून तळाशी गेले. माझं नाव होतं. आनंद झाला असं तुम्हाला वाटेल, पण माझा संताप आणखीच वाढला. एवढंसं काम होतं, आणि त्यासाठी मला सरकारी व्हरांड्यात उभं राहावं लागलं.

दादाचा चेहरा मोकळा झाला. त्यानं घाम पुसला आणि म्हणाला, "झालं ना आता तुह्या मनासारखं? चाल, सायेब जेवाले जातीन. कर सही."

"कायच्या बदल्यात?"

"कायच्या म्हंजे? वेबसाईटा भेटल्या ना तुले!"

"दादा, वेबसाईट माह्याच होत्या. तू काही दिलं नाई. माह्या मले वापस आल्या. आता वावराचं बोल. बाबाच्या वावरात माहा हिस्सा हाये. तो मी काहून सोडू, येवढंच सांग. तुले सांगता आलं तं मी आत्ता आत जाऊन सही करतो."

माईक न सोडणारा माझा भाऊ. त्यानं आईकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, साक्षीदारांकडे पाहिलं. मग म्हणाला, "साऱ्या बहिनी करतात."

"काहून करतात?"

मी उत्तरासाठी थांबले, मुद्दाम थांबले, साहेब जेवून परत आले तोपर्यंत थांबले. मग आम्ही एसटी धरली. घरी येऊन एकेक लिंक उघडली, दादाचा कोड काढला आणि माझा टाकला.

आता पाहुण्यारावळ्यांत सांगतात, की हिनं वेबसाईटपायी भावाशी वैर घेतलं. सांगू द्या. माझ्याशिवाय हक्कसोडचा कागद पुढे गेला नाही, म्हणून आईचीही सही राहिली. तलाठ्याकडे वारसांची नोंद झाली आणि परवा मी सातबारा काढला. आईचं नाव, दादाचं नाव, माझं नाव. आई त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नव्हती. तरी मी फोन केला आणि म्हटलं, "आई, वावरावर तुहं नाव लागलं." ती म्हणाली, "माहं? पुरं नाव?"

"पुरं," मी म्हटलं.

"वाचून दाखव," आई म्हणाली.